जिप्सीची चाळीसवरची घरघर : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी : मारुती जिप्सी किंग, १९९८. तेराशे सीसी, कार्ब्युरेटर, पाच गिअर. मालक काका. मुक्काम राजेंद्र नगर, इंदूर, पण गाडीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य चोरलकडच्या शेताच्या रस्त्यावर गेलंय.

तक्रार अशी : ताशी ३८ ते ४५ च्या दरम्यान मधूनच, जमिनीखालून आल्यासारखी घरघर. पाय दाबला की वाढते, सोडला की बरीच कमी होते. पन्नासच्या पुढे विरते. शिवाय क्लच सोडताना एकदा ‘खट्’, आणि साठच्या पुढे एक वेगळाच हुंकार. काकांच्या मते हे तिन्ही आवाज एकच आहेत. मला तसं वाटत नाही.

कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या उस्तादने गाडी शंभर पावलं चालवली आणि निकाल दिला, “भैया, पीछे का डिफरेंशियल गया. क्राउन-पिनियन डलेगा.” म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल गेलं, त्यातली मोठ्या-लहान दात्यांची जोडी बदलायची. काका दोन दिवस त्याच विचारात होते. मी म्हटलं, “काका, सध्या एकही बोल्ट सैल करायचा नाही. आधी कुठला शाफ्ट ओरडतोय ते शोधू.” काका म्हणाले, “शोध बाबा. पण डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायला जायचंय, तेवढं लक्षात ठेव.”

ज्यांनी जिप्सी खालून पाहिली नाही त्यांच्यासाठी रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बऱ्याच फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेली असते. जिप्सीत ती वेगळी, तीन रबरी फाउंडेशनवर चासीला टांगलेली. गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो, दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारा अधिकच्या खुणेसारखा सांधा. तिथून एक लांब शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला आणि एक पुढच्याला. म्हणजे फिरणारे शाफ्ट तीन, आणि तिघांचे वेग एक नाहीत.

दुसरी गोष्ट. हाय रेंजमध्येही (रोजच्या रस्त्याची) या ट्रान्सफर केसला सरळ जोड नाही; लो रेंज म्हणजे हळू पण जास्त ताकदीची. हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ असं गुणोत्तर आहे, दोन्हीकडे दात दातांत अडकूनच ताकद पुढे जाते. म्हणून प्रत्येक जिप्सी थोडी गुणगुणतेच. नवी जिप्सी चालवलेला माणूस हे जाणतो, नुसती कार चालवलेला घाबरतो.

१० नोव्हेंबर, रविवार

पहाटे बायपास. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांसाठी. आमच्या नशिबी बायपासची सर्व्हिस लेन आणि दूधवाल्यांच्या मोटरसायकली. सोबत धाकटा चुलतभाऊ, हातात फोन आणि वही.

आधी फुकटच्या चाचण्या.

चाळीसचा वेग धरून तिसरा, चौथा, पाचवा गिअर. तिन्हीत घरघर जागच्या जागी. इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या गिअरची असती तर गिअर बदलताच वेग सोडून दुसरीकडे सरकली असती. मग चाळीसवरच क्लच दाबून न्यूट्रल. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. इंजिन, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग सुटले. भार असला की वाढतो, हेही पक्कं झालं.

रस्ता मोकळा बघून नागमोडी चालवली. चाकाचं बेअरिंग खराब असेल तर एका बाजूला वळताना पलीकडच्या चाकावर वजन येतं आणि गुरगुर वाढते. इथे डावीउजवीकडे काहीच फरक नाही.

टायर. काकांनी मागच्या वर्षी जाड नक्षीचे टायर घातलेत. सिमेंटचा रस्ता संपून डांबर लागलं की साठच्या पुढचा हुंकार ठळक बदलतो. परतताना पेट्रोल पंपावर हवा आठ पौंड वाढवली, तर हुंकाराचा सूर पुन्हा बदलला. चाळीसची घरघर मात्र ढिम्म. म्हणजे साठचा आवाज टायरचा आणि चाळीसचा दुसऱ्या कुणाचा. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग टायरवाल्याने आधी का नाही सांगितलं?” यावर उत्तर नाही.

शेवटची चाचणी पुढच्या अंगाची. टू-एचमध्ये (हाय रेंज, ताकद फक्त मागच्या चाकांना) आणि पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) ‘फ्री’वर असताना पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल, सगळं उभं असतं. खाली उतरून दोन्ही हब ‘लॉक’वर फिरवले, लिव्हर टू-एचमध्येच ठेवला. आता पुढची चाकं आपल्या बळावर पुढचं डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरवतात, इंजिनची ताकद तिकडे जात नाही. आवाजात बारीक सळसळ वाढली, घरघर तेवढीच. पुढचं अंग निर्दोष.

दहाच्या आत घरी. पोहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी अंगणातच. या गाडीत एक सोय फार चांगली आहे : ट्रान्सफरचा लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) ठेवला की गाडी उभी राहून गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफरचे आतले गिअर फिरवता येतात. चाकांना विटा, हँडब्रेक, चौथा गिअर, हळूहळू रेस. चौथा गिअर एकास एक आहे, म्हणजे जितके इंजिनचे फेरे तितकेच आखूड शाफ्टचे.

खाली फारसं काही ऐकू आलं नाही. चुलतभाऊ लगेच म्हणाला, “म्हणजे उस्तादचं बरोबर, मागचं डिफरन्शियलच.” इतकं सोपं नाही. उभ्या गाडीत शाफ्ट फिरतोय पण ओढत काहीच नाही, आणि आपला आवाज ओढताना येतो. ‘एन’वरची शांतता कुणाला दोषी ठरवत नाही. आवाज आला असता तर मात्र मागचं सगळं एका फटक्यात सुटलं असतं. ही चाचणी एकाच बाजूने बोलते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज हिशोब. मला यातच जास्त मजा आली, म्हणून सविस्तर.

टायर २०५/७० आर १५, घेर साधारण २.१ मीटर. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला ५.३ फेऱ्या. डिफरन्शियलचं गुणोत्तर चारच्या आसपास, तेव्हा मागचा लांब शाफ्ट सेकंदाला २१ च्या जवळपास. ट्रान्सफरचे १.४०९ गुणले की आखूड शाफ्ट ३० च्या जवळपास.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडच्या टोकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. म्हणून क्रॉसची थरथर फेऱ्यांच्या दुप्पट येते. मागच्या शाफ्टची सुमारे ४२ हर्ट्झ, आखूड शाफ्टची सुमारे ६०. क्राउन-पिनियनचे दात वाजत असते तर पिनियनला दहाच दात धरले तरी आकडा दोनशेच्या पुढे गेला असता. तो आवाज घरघर नसतो, तो बारीक ‘ऊंऊं’ असतो, लांबच्या भोंग्यासारखा. उस्तादला मी दोष देत नाही. पत्र्याच्या मोकळ्या गाडीत खालचा कुठलाही जाड आवाज मागच्या पत्र्यातूनच घुमतो. कान मागे बोट दाखवतो, त्याला काय करणार?

फोनवर आवाजाचे सूर वेगळे करून दाखवणारं फुकटचं ॲप घेतलं. फोन दोन सीटच्या मधल्या बोगद्यावर, खाली जुना टॉवेल. चाळीसवर चौथ्या गिअरमध्ये साठच्या जवळ उंच शेंडा. चुलतभाऊ खूश, मी नाही. कारण चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि आखूड शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. इंजिनचा सूरही साठच! दोघं एकमेकांच्या मागे लपलेले.

म्हणून तोच वेग तिसऱ्यात आणि पाचव्यात. तिसऱ्याचं गुणोत्तर १.४२३, इंजिनचा सूर ८५ च्या आसपास जायला हवा, पाचव्याचं ०.७९५, तो ४७–४८ वर यायला हवा. तसंच झालं. पडद्यावर एक शेंडा गिअरप्रमाणे पळत होता आणि दुसरा साठवर खुंटी ठोकल्यासारखा उभा. बेचाळीसवर बारीकसं काही होतं, पण कुठल्याही जुन्या शाफ्टला असावं तेवढंच. दोनशेच्या पुढे जवळजवळ सपाट.

काकांना पडद्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, “यात डिफरन्शियल कुठे आहे?” म्हटलं, “नाही ना, तेच तर.”

१७ नोव्हेंबर, रविवार

ॲपवर विसंबून खर्च करू नये. सूर वाचण्यात कुणाचीही चूक होऊ शकते, आणि ‘चारच्या आसपास’ हे माझं गुणोत्तर काही दात मोजून काढलेलं नाही. म्हणून एक अशी चाचणी हवी होती, जिला आकडा नाही, नुसतं हो किंवा नाही लागतं.

ती ट्रान्सफर केसमध्येच आहे. त्याच रस्त्याच्या वेगाला लो रेंजमध्ये आखूड शाफ्ट हायपेक्षा १.६ पट जोरात फिरतो (२.२६८ भागिले १.४०९). मागचा लांब शाफ्ट आणि डिफरन्शियल मात्र चाकाला बांधलेले, त्यांना हाय-लोचं काही देणंघेणं नाही. म्हणजे दोष मागे असेल तर घरघर लोमध्येही चाळीसलाच येईल. दोष आखूड शाफ्टचा असेल तर ती पंचविसावर येईल.

अडचण एकच. जिप्सीत टू-एल नसतं, लो म्हणजे फोर-एलच, चारही चाकांना ताकद. मध्ये डिफरन्शियल नसल्याने फोर-व्हीलमध्ये कोरड्या डांबरावर वळणं घेतली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात. हब ‘फ्री’वर ठेवले की पीळ बसत नाही, पण पुढचा शाफ्ट फुकट फिरत राहतो आणि संशयितांत एकाची भर. म्हणून पुढचा शाफ्टच उतरवला. त्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. सरकता जोड एका दाताने चुकवून बसवला की दोन क्रॉसना धरणारे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी धडधाकट असून थरथरते.

रालामंडलच्या पलीकडे एक सरळ, थोडा चढाचा रस्ता आहे. फोर-एल, चौथा गिअर, वीस, बावीस, चोवीस... आणि आली! चोवीस-पंचविसाला तीच घरघर, जरा मवाळ. चढामुळेच भार मिळाला, सपाटीवर कदाचित निसटली असती. तिशीच्या पुढे विरली. हायमध्ये परत आल्यावर पुन्हा चाळीसला.

डिफरन्शियल सुटलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आता पाने बाहेर काढले. पुढून-मागून घोड्या लावून गाडी टेकवली, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही हा घरचा नियम.

पहिल्यांदा शाफ्ट जागेवर असतानाच. आखूड शाफ्ट हाताने पिरगाळला, प्ले फार नाही. उस्तादनेही एवढंच पाहिलं असणार. मग ट्रान्सफर केसखाली पहार घालून हलकेच वर उचलली. तीन फाउंडेशनपैकी दोन घट्ट. तिसऱ्याचं रबर लोखंडापासून अर्ध्या घेरात सुटलेलं, केस बोटभर वर आली आणि सोडल्यावर तिरकी बसली. रबर काळं नव्हतं, फुगून मऊ पडलेलं, नखाने दाबलं तर खूण राहत होती. वर पाहिलं तर ट्रान्सफरच्या इनपुटचं ऑइल सील ओघळतंय. कितीतरी दिवस गिअर ऑइल थेंब थेंब त्या रबरावर पडत राहिलं असणार.

गिअरबॉक्सचं तेल काढून घेतलं, तेही बघायचं होतं. काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहून घेतलं. तो अडकलेला असेल आणि खालचा उघडून बसलो तर गाडी जागेवरच. तेलात मोडक्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. राखाडी मऊ चिखल थोडा, कण किंवा कपचे नाहीत. मागच्या डिफरन्शियलचंही तेल काढलं, तिथेही तेच. इतक्या जुन्या गाडीला तेवढं माफ.

मग आखूड शाफ्ट बाहेर. हातात धरून पुढचा क्रॉस हलवला तर लोण्यासारखा. मागचा, म्हणजे ट्रान्सफरकडचा, एका दिशेला बरोबर मधोमध येऊन ‘टक्’ बसतो. पुढे ढकला, परत ‘टक्’. लॉकची कडी काढून क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची वाटी उतरवली. आत ग्रीसचा पत्ता नाही, विटकरी भुकटी. वाटीतल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रूळ, उलट्या करून तळहातावर घेतल्या तर काही अर्ध्याच चमकत होत्या. क्रॉसच्या दांड्यावर सुयांनी समांतर खाचा पाडलेल्या, नख फिरवलं की एकेक लागते. शाफ्ट जवळजवळ सरळ रेषेत फिरतो तेव्हा सुया जागच्या जागीच डुलत राहतात, ग्रीस संपलं की तिथेच खड्डे पडतात. ग्रीस भरायचं निप्पल होतं, पण त्यावर अंडरकोटिंगचा जाड थर. कुठल्याशा सर्व्हिसमध्ये खालून फवारा मारला आणि तेव्हापासून ग्रीस गन तिथे टेकलीच नसावी.

दोन्ही दोष एकत्र आल्यावर गोष्ट जुळते. आखूड शाफ्टच्या दोन क्रॉसचे कोन सारखे असले की एकाचा वेग वाढणं दुसऱ्याचं घटणं खाऊन टाकतं. फाउंडेशन सुटल्यावर पाय दाबला की केस तिरकी होते, कोन सारखे राहत नाहीत, आणि खाचा पडलेला क्रॉस त्याच कोनात अडखळतो. पाय सोडला की केस जागेवर येते. अंगणात ‘एन’वर गप्प, ते याचसाठी.

२४ नोव्हेंबर, रविवार

सामान. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली, पण लष्कर आणि पोलिसांकडे इतक्या गाड्या होत्या की सुट्या भागांचं अजून अडत नाही. महूला छावणी असल्याने तिकडच्या दुकानदारांना ही गाडी तोंडपाठ. क्रॉसच्या वाटीचा व्यास आणि लॉक ते लॉक लांबी व्हर्निअरने मोजून कागदावर नेली होती. नुसतं ‘जिप्सी का क्रॉस’ मागितलं की काउंटरवर दोन-तीन जातींचे येतात. शाफ्ट एक, म्हणून क्रॉस दोन्ही टोकांचे घेतले. तिन्ही फाउंडेशन, इनपुटचं सील, तेल.

तेलाबद्दल दुकानात थोडी हुज्जत. दुकानदार सगळीकडे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल द्यायला निघाला होता. डिफरन्शियलला तेच लागतं, तिथे हायपॉइड गिअरचे दात घसरत जुळतात. गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून सिंक्रोच्या पितळी रिंगा आहेत, तिथे मी जीएल-४ च घालतो. शेवटी दोन्ही डबे आणले.

३० नोव्हेंबर, शनिवार

बसवणी. क्रॉस दाबायला प्रेस नाही, मोठा बाक-व्हाइस आणि दोन सॉकेट. एक वाटी आत जाताना नेहमीपेक्षा कडक वाटली, लगेच थांबून बाहेर काढली. एक सुई आडवी पडली होती. तशीच दाबली असती तर लॉक बसलंच नसतं. सुया ग्रीसमध्ये चिकटवून पुन्हा. बसल्यावर क्रॉस चारही बाजूंना आपल्या वजनाने डुलायला हवा. जरा आखडत होता, काट्याच्या कानावर हातोडीची हलकी टिचकी दिल्यावर सुटला.

सील बदललं. फाउंडेशनचे बोल्ट आधी सगळे हाताने, केस आपल्या वजनावर बसू दिली, मग आवळले. एक आवळून दुसरं ओढून बसवलं की नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. पुढचा शाफ्ट रेघेला रेघ जुळवून परत. तेल भोकाच्या काठाशी ओघळेपर्यंत. बाकीच्या क्रॉसनाही ग्रीस, चारही वाट्यांच्या कडेतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. पुढच्या शाफ्टच्या एका क्रॉसमध्ये ते दोनच बाजूंनी डोकावलं. लिहून ठेवलं.

१ डिसेंबर, रविवार

सिमरोलपर्यंत जाऊन आलो, काका शेजारी. चाळीसला तिसरा, चौथा, पाचवा : घरघर नाही. पडद्यावर तिसऱ्या-पाचव्यात साठवरचा शेंडा बसला, बाकीच्यांत मिसळला. गंमत म्हणजे आता ट्रान्सफरची मूळ गुणगुण ऐकू येते. काका दर पाच मिनिटांनी, “हे काय वाजतंय?” मी, “ते वाजणारच.”

क्लच सोडतानाचा ‘खट्’ कमी झाला, संपला नाही. उरलेला सरकत्या जोडातल्या आणि डिफरन्शियलच्या दातांमधल्या सैलपणाचा. तो काही वाढत नसेल तर त्यासाठी डिफरन्शियल उघडणार नाही. साठचा हुंकार टायर संपेपर्यंत राहील.

परतताना काकांनी गाडी उस्तादच्या दारात थांबवायला लावली. उस्तादने एक चक्कर मारली, उतरला, खाली वाकून नवे फाउंडेशन बघितले. म्हणाला, “डिफरेंशियल में तेल बदला ना? उसी से ठीक हुआ.” काका माझ्याकडे बघून हसले. त्याने चहा मागवला, आम्ही प्यायलो.

७ डिसेंबर, शनिवार

गाडी चोरलला गेली. पाठवण्याआधी नव्या सीलखाली पुठ्ठा ठेवला होता, कोरडा. फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा एकदा तपासले, एक पाव फेरा गेला.

उरलेली कामं : पुढच्या शाफ्टचा तो क्रॉस, पावसाळ्याआधी, कारण शेतावर फोर-एच तेव्हाच लागतं. सगळ्या निप्पलवरचं अंडरकोटिंग खरवडून लाल रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे ग्रीस मारणाऱ्याला शोधावं लागणार नाही. आणि पुढच्या हबपैकी डावा ‘लॉक’वर जाताना जड फिरतो, तो खोलून बघायचा.